उखाआप्पांची भुईआवळी

उखाआप्पा कुणालाही आधी रामराम करत नसत. आधी डोळे तपासत. "डोया दखाड!" म्हणून दरडावत आणि समोरच्याच्या पापणीखालची कातडी अंगठ्याने खाली ओढत. आत पांढरं दिसलं तर रामराम, पिवळं दिसलं तर शिव्या.

मी नाशिकहून लग्न होऊन नंदुरबारजवळच्या कोरीटला आले, तेव्हा या शेजाऱ्यांनी हात तेवढा लावला नाही. पण भर वरातीत काठी आपटून म्हणाले, "सूनबाई, वर देख!" नवरीने मान खाली घालायची, तर मी आभाळाकडे डोळे फाडून उभी! "कायीज साफ शे," म्हणजे काळीज साफ आहे, असं आप्पांनी वऱ्हाडाला जाहीर केलं. मला असा संताप आला, की पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही.

माणसाचं सगळं बरंवाईट काळजावर, म्हणजे यकृतावर, आणि काळजाची राखण भुईआवळीवर, असं त्यांचं ठाम मत. बांधावर उगवणारं वीतभर झाड ते. पानं आवळीसारखी, पानांखाली मोहरीएवढी फळं. आम्ही कपाशीत निंदणीला बाया लावल्या की आप्पा धावत यायचे. "कोनी उपटी? हात तुटोत तिन्हा!" शेत आमचं, बाया आमच्या आणि हुकूम यांचा! मी एकदा तोंडावर म्हटलं, "आप्पा, हे तण आहे." त्यांनी काठी आपटली. "सरकार दारूना ठेका देस, ते चालस. देवनी फुकट औषध देयेल शे, ते तण!"

दारूचा एवढा राग यायचं कारण समोरच राहत होतं. त्यांचा धाकटा भाऊ दगू. दगू प्यायचा म्हणून आप्पांनी बोलणं टाकलं होतं. अंगण मात्र एकच आणि मधे दगूची गाय, मोरी. रोज सकाळी आप्पा भुईआवळी वाटून, ताकात कालवून, तांब्या मोरीच्या खुंट्यापाशी ठेवायचे आणि गायीवर ओरडायचे, "मोरे, सांग तुन्हा मालकले! पीवो, नहीतं मरो!"

आतून दगू म्हणायचा, "मोरे, सांग त्याले, कडू शे!"

"दारू काय गोड लागस का, मोरे?"

गाय बिचारी रवंथ करत दोघांच्या शिव्या ऐकायची. थोड्या वेळाने तांब्या मात्र रिकामा झालेला असायचा.

एका पावसाळ्यात दगूला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. त्याच्या बायकोने कावीळ उतरवणारा बोलावला. त्याने दगूच्या हाताला कसलीशी पूड चोळली, मंत्र पुटपुटत हात चुन्याच्या पाण्याने धुतले, तर पाणी पिवळंधमक! बायका हात जोडून उभ्या. आप्पा तडक गोठ्यात गेले आणि आपला बैल घेऊन आले. "याना पाय धोय! तीच पूड लाव!" मांत्रिक नको नको म्हणत होता, पण आप्पांच्या काठीपुढे काय चालणार? बैलाच्या खुराखालचं पाणीही पिवळं झालं. "हाऊ बैल बी दारू पिना का रे?" आप्पा गरजले. मांत्रिक त्या दिवशी जेवायलाही थांबला नाही.

मग महिनाभर भुईआवळीचा रस, भात, ताक. दारू बंद. दगूचे डोळे पांढरे झाले. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, "दारू सुटली म्हणून बरा झाला." आप्पा तिथेही भडकले. "मंग सोडाले कोनी लावं? तुम्हनी औषधनी बाटलीनी?"

पण हिवाळ्यात दगू सारंगखेड्याच्या जत्रेला घोडे बघायला गेला, तो झिंगूनच परतला. मग काही थांबला नाही. पोट फुगलं, पाय सुजले. आप्पांचा तांब्या आणि आरडाओरडा चालूच. शेवटी शेवटी तर घोटही उतरत नव्हता, तेव्हा आप्पा गायीवर नाही, सगळ्या गावावर ओरडत फिरायचे. ठेकेदारावर, डॉक्टरावर, देवावर. होळीच्या आधी दगू गेला.

तेराव्यानंतर आप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी पाणी दिलं. मला वाटलं, आता कुणाचा उद्धार होतो कोण जाणे. म्हणून मीच म्हटलं, "आप्पा, तुम्ही काही कमी केलं नाही."

त्यांनी पाणी तसंच बाजूला ठेवलं. मग इतक्या हळू बोलले, की मला वाकून ऐकावं लागलं.

"सूनबाई, सारा गावना देखत मी त्याले शिव्या दिध्यात. पन 'भाऊ, तू कसाले पेस?' अशे मी त्याले कधी इचारंच नही."