गाडी झोपलीय, हात लावू नका

आमच्या कॉलनीत अण्णांच्या गाडीच्या दाराला कोणी बोट जरी लावलं, तरी पहिल्या मजल्यावरून दरडावणी येते. "गाडी झोपलीय. उठवू नका तिला."

नवखा माणूस आत कोण झोपलंय ते वाकून बघतो. तोवर अण्णा बनियनवरच खाली आलेले असतात. "कुलूप लावलं म्हंजी लगीच झोपली न्हाय. आत कॉम्प्युटरची धा-बारा डोकी हायत. एकेक हळूहळू झोपतंय. तुमी कडीला हात लावला की समदी उठून बसत्यात. खात्यात कुणाचं? ब्याटरीचं."

किल्ली ते आतल्या खोलीत, ज्वारीच्या डब्याशेजारी ठेवतात. जवळ राहिली तर गाडी तिच्याशी बोलत जागी राहते म्हणे. मंडईला चालत जातात, कारण तेवढ्या फेरीत बॅटरी भरत नाही. रविवारी मात्र अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्याही पुढे, लांब चक्कर मारून येतात. टॉवेलचा कारखाना विकला तरी त्या रस्त्याची सवय सुटलेली नाही. एकदा कोणाच्या तरी जावयाने कडुनिंबाखालच्या त्यांच्या जागेत गाडी लावली. अण्णा खुर्ची टाकून त्याच्या बॉनेटसमोर बसले. जावई म्हणाला, "उन्हानं काय होतंय?" अण्णा म्हणाले, "पावनं, मे म्हैन्यात तुमीच बसा की तितं उगडं. मग सांगा मला."

'ब्याटरी अण्णा' हे नाव मीच ठेवलं. कॉलनीनं ते उचललं आणि पुढं 'डोक्यावर परिणाम झालाय' इथपर्यंत नेलं. आता पुरे. हे हसणारे लोक त्या खंडेनवमीला कसे वागले, ते मी पाहिलंय.

अण्णांच्या मुलीनं, रूपानं, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. अण्णांनी तिला दार बंद केलं आणि काही वर्षांनी स्वतःच फोन करून बोलावलं. ती लातूरहून पुण्याला निघाली होती. म्हणाली, "कुर्डुवाडीला तुम्ही फलाटावर दिसलात तर उतरते. नाही तर तशीच पुढं जाते."

तो दिवस नेमका खंडेनवमीचा. लेकीला आणायला जाणारी गाडी म्हणून अण्णांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, सकाळीच पूजा मांडली. कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. सगळ्यांना दिसावं म्हणून चारी दारं आणि डिकी उघडी टाकली, गाडीतल्या पडद्यावर भक्तिगीतं लावली आणि पुरणपोळ्या करायला वर गेल्या. गाणी दुपारपर्यंत चालू होती. मग आपोआप थांबली.

अण्णा निघायला बसले तर गाडी ढिम्म. चारपाच जण धक्का द्यायला सरसावले, पण जुन्या जीपसारखी ही धक्क्यानं चालू होणारी गाडी नव्हती. भाड्याची गाडीही मिळेना, म्हणून अण्णा गाडी मागत दारोदार फिरले. प्रत्येकानं आपली हार घातलेली गाडी दाखवली. "आज चाक फिरवायचं नसतं, अण्णा. अवजाराला विश्रांती असते." संध्याकाळी त्यातलेच दोघे बायकोमुलांना घेऊन हॉटेलात जेवायला गेले. गाडीनंच गेले.

अण्णांनी रूपाला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो. ती म्हणाली, "बाबा, नवी गाडी बंद पडते होय?" आणि फोन ठेवला. ती पुण्याला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. "दारं उघडी, गाणी चालू. ब्याटरी बसणारच की. कुणी केलं हे?" अण्णांनी वर खिडकीकडे बघितलं आणि त्याचा दंड धरला. "हळू बोल. तिच्या कानावर गेलं तर बघ." मग वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विकणाऱ्याला शिव्या घातल्या. ब्याटरीच खराब दिली म्हणे.

तेव्हापासून ते सगळ्या कॉलनीवर ओरडतात. वहिनींनी मात्र पुढच्या वर्षीही पूजा केली. अण्णा दारापाशी उभे राहिले आणि त्या वर गेल्यावर एकेक दार अलगद लावून घेतलं.

वहिनी मागच्या थंडीत वारल्या. रूपा दिवसांना आली, बापाकडे न बघता परत गेली. मी अण्णांना म्हटलं, "आता तरी सांगा तिला. तुम्ही निघाला होता, हे कळू दे."

अण्णा माझ्यावर भडकले. "काय सांगू, गुरुजी? तुज्या आईमुळं ऱ्हायलं म्हनू? लेक येणार म्हनून पहाटे उटून हार गुंफत बसलीती ती. तिला बोल लावू व्हय, मेल्यावर? माजं जाऊ द्या. मला वाईट म्हनंल तर म्हनू द्या."

हे छापून आल्यावर अण्णा माझ्याशी बोलणार नाहीत. न बोलोत. रूपा, तुझे वडील त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून निघाले होते आणि दारोदार फिरून परत त्या बंद गाडीत येऊन बसले होते. तुझी गाडी कुर्डुवाडीहून सुटली तरी ते उतरले नव्हते.