हाय कॉम्प्रेशनचे पिस्टन

दुकानदाराने एवढंच विचारलं होतं, "गाडीला किक कोण मारणार?"

"मी," धाकटे जावई म्हणाले.

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, त्यांना बुटांपासून केसांपर्यंत एकदा पाहून घेतलं (हा प्रवास फार लांबचा नव्हता) आणि म्हणाला, "मग लो कॉम्प्रेशनचे घ्या."

काउंटरवर पिस्टनच्या दोन जोड्या होत्या. एका जोडीचे माथे सपाट, दुसरीचे टोपीसारखे फुगलेले. फुगलेला पिस्टन इंजिनातल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला जास्त दाबतो, म्हणून त्यात ताकद जास्त. आणि किक मारणाऱ्या पायालाही तो तितक्याच जोरात नकार देतो. हे सगळं धाकट्या जावयांनी वाचलेलं होतं. पण आपल्याला असं खालून वरपर्यंत मोजून कुणी 'लो' म्हणावं, हे त्यांना सोसलं नाही.

"हाय द्या," ते म्हणाले.

"साहेब, जुनं ब्रिटिश इंजिन आहे, दोन सिलिंडरचं. उलटी किक बसली तर..."

"हाय."

"बरं. आणि ऑइल? थंडीचे दिवस आहेत, जरा पातळ..."

"तुमच्याकडचं सगळ्यात घट्ट."

धाकटे जावई एरवी असे नव्हते. पोस्टाच्या काउंटरवर बसून ते दिवसभर लोकांचं ऐकून घेत. घरी आल्यावर बायकोचं ऐकत. मधल्या वेळात बसमध्ये कंडक्टरचं ऐकत. आयुष्यात ठामपणे बोलण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती, आणि ती नेमकी पिस्टनवर खर्च झाली.

मोटारसायकल सासऱ्यांची होती. तरुणपणी त्यांनी ती खूप पळवली होती. पुढे गुडघे गेले आणि गाडी मागच्या शेडमध्ये गेली. तिच्यावर थोरल्या जावयांचा डोळा होता. थोरले जावई फर्निचरचे व्यापारी. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. गाडी शोरूमच्या काचेमागे उभी करायची आणि तिच्या सीटवर मनीप्लांटची कुंडी ठेवायची, असा त्यांचा बेत होता.

ही कुंडी धाकट्या जावयांच्या स्वप्नात येऊ लागली. शेवटी त्यांनी सासऱ्यांना चाचरत विचारलं, "बाबा, मी तिचं इंजिन बांधून बघू का?"

सासऱ्यांनी शेडकडे पाहिलं. मग म्हणाले, "महिनाअखेरच्या रविवारी मला चालू करून दाखवा, जावईबापू. चालू झाली तर इथेच राहील. नाही झाली, तर थोरल्यांना मी आणखी किती दिवस नाही म्हणू?"

इंजिन घरी आलं आणि जेवणाच्या टेबलावर बसलं. घरातली माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवू लागली. बायकोने सुरुवातीला काही म्हटलं नाही. पण एका संध्याकाळी तिने गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचललं.

"अहो, हे काय शिजतंय?"

"पिस्टन."

"पिस्टन?"

"गरम केला की थोडा फुगतो. मग त्याच्यातली पिन अलगद बसते. ठोकावी लागत नाही."

"आणि आपण काय खायचं?"

"आत्ता एकच झालाय. दुसरा..."

"म्हणजे अजून एक घाणा आहे!" बायकोने झाकण परत ठेवलं. "बाबांची गाडी आहे म्हणून गप्प बसते. पण आधी सांगून ठेवते, ते पातेलं आता तुमचं. उद्यापासून दूध त्यात तुम्हीच प्यायचं."

पिस्टन बसले. रिंगा दाबून धरून सिलिंडर वरून सरकवताना धाकट्या जावयांनी इतका वेळ श्वास रोखला की बायकोने पंखा लावला. शेवटी सगळं जुळल्यावर त्यांनी स्पार्क प्लग न लावताच पान्याने इंजिन फिरवून पाहिलं. ते लोण्यासारखं फिरलं. आपण सांगावं आणि घरात काहीतरी फिरावं, हा अनुभव त्यांना नवा असल्यामुळे त्यांनी ते बराच वेळ फिरवलं.

(प्लगची भोकं उघडी असली की आतला दाब सरळ बाहेर जातो आणि कुठलंही इंजिन लोण्यासारखंच फिरतं. हेही त्यांनी वाचलेलं होतं. पण आनंदाच्या भरात वाचलेलं आठवत नाही.)

रविवारी सकाळी सासऱ्यांच्या अंगणात गाडी उभी होती. इंजिन आदल्या दिवशीच बसवून झालं होतं. आता प्लग लागले, पेट्रोल आलं. ऑइल ओतायला डबा उलटा केला, तर थंडीने ते बाहेर यायचा विचार करत बसलं. सासरे खुर्ची टाकून बसले होते. थोरले जावई जाताना गाडी न्यायची म्हणून टेम्पो घेऊनच आले होते.

धाकट्या जावयांनी स्वेटर सारखा केला, किकवर पाय ठेवला आणि अंगातलं सगळं वजन तिच्यावर टाकलं.

किक हलली नाही. धाकटे जावई मात्र वर गेले. आता ते एका पायावर, हँडल धरून, किकवर उभे होते. आणि उभेच होते. कुंपणापलीकडची बाई कपडे वाळत घालत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय हो," थोरले म्हणाले, "तिथून काय काय दिसतंय?"

"ऑइल थंड आहे," धाकटे वरूनच म्हणाले.

"सावकाश होऊ द्या," सासरे म्हणाले. "घाई नाही."

ते उतरले. पुन्हा चढले. उडी मारून पाहिली. किकने त्यांना झेललं आणि अलगद परत दिलं. मग त्यांनी खिशांत पाने भरले, स्वेटरच्या आत हातोडी खोचली आणि तसेच चढले. या वेळी किक खरोखर खाली जाऊ लागली. जुन्या इमारतीतल्या लिफ्टसारखी, हळूहळू. अर्ध्यावर येऊन थांबली. इंजिनातून एक 'फुस्स' झालं, आणि ते कुत्सित होतं, असं धाकट्या जावयांना वाटलं.

त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे गाडीकडे पाहत होते. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली होती, आणि हात गुडघ्यांवर असे ठेवले होते, जणू अजूनही हँडलवरच आहेत. गाडी गेली तरी चालेल, पण हा माणूस तो आवाज ऐकल्याशिवाय खुर्चीवरून उठता कामा नये, असं धाकट्या जावयांना वाटलं.

"सरका," थोरले बाह्या सारत पुढे आले. "हे तुमचं काम नव्हे."

थोरल्यांनी दाणकन किक मारली. ती खाली गेली, पण गेली त्याच्या दुप्पट वेगाने वर आली. थोरले अंगणात एक गोल फिरले आणि पोटरी धरून टेम्पोच्या पायरीवर बसले. नंतर ते बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात घरातून धाकट्यांची बायको बाहेर आली.

"चहा तिसऱ्यांदा गरम केलाय! काय चाललंय काय?"

"अगं, किक..."

"व्हा बाजूला. आणि ती हातोडी काढा आधी, लागेल कुठेतरी."

ती गाडीशी गेली. पायाने किक हळूच दाबत नेली, जिथे अडली तिथे थांबली, ते अवघड ठिकाण केसभर ओलांडलं आणि पाय परत वर आणला.

"बाबा, असंच ना?"

"अस्संच," सासरे म्हणाले. "आता दम खा. आणि मग शेवटपर्यंत."

तिने पाय खाली नेला. नवऱ्याच्या दीडपट वजन आणि तीन वेळा गरम केलेल्या चहाचा राग, दोन्ही एकदम. इंजिन खोकलं, धुराचा ढग सोडला आणि धडधडू लागलं. अंगणात कोणी कोणाला दिसेना. धूर विरला तेव्हा सासरे उभे होते.

"आवाज तोच आहे," ते म्हणाले. मग धाकट्या जावयांचा हात हातात घेऊन म्हणाले, "छान बांधलंत, जावईबापू. अगदी तोच आहे."

धाकटे जावई "ऑइल तापलं" असं म्हणाले. सासऱ्यांनी मान डोलावली, आत जाऊन गाडीचे कागद आणले, आणि मुलीच्या हातात दिले.

तेव्हापासून दर रविवारी गाडी फिरायला निघते. बायको चालवते. धाकटे जावई मागे बसतात आणि इंजिनाचा आवाज ऐकतात. गेल्या रविवारी माहेरी जाताना ती पेट्रोल पंपावर थांबली. इंजिन चालूच होतं. खालून ऑइल गळतंय का पाहायला धाकटे जावई उतरून वाकले. तेवढ्यात तिने गियर टाकला.

ती थेट माहेरच्या फाटकात पोचली. सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू कुठे आहेत?" तिने मागे वळून पाहिलं.

ती परत आली तेव्हा धाकटे जावई रस्त्याकडेला तसेच उभे होते.

"अहो, मला खरंच कळलं नाही हो! तुम्ही मागे असताना आणि नसताना गाडी अगदी सारखीच ओढते."

धाकटे जावई मागे चढून बसले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"हाय कॉम्प्रेशन," ते म्हणाले.