फळ्यावरचे बाबलशेठ

आमचे शेजारी नाना रोज सकाळी दोन वर्तमानपत्रं विकत घेतात आणि आधी कात्रीने कापतात. वाचणं त्यानंतर.

गावात दोन दैनिकं आहेत. नावं सांगत नाही, मला इथंच राहायचंय. एक आमच्या प्रभागाचे नगरसेवक बाबलशेठ यांच्या बाजूचं, दुसरं त्यांच्या विरोधकांचं. पहिल्याला नाना 'आरती' म्हणतात आणि दुसऱ्याला 'शिमगा'. एकाच गटाराच्या उद्घाटनाचा फोटो दोन्हीकडे छापून येतो. आरतीत विरोधक कापलेले असतात, शिमग्यात बाबलशेठ. पण घाईत कापताना कुणाचं काहीतरी राहून जातंच. नाना भिंग लावून बघतात आणि शेजारी जो असेल त्याला विचारतात, "हा हात कुणाचा रे?" खरंच, नारळाखाली एक हात असतो आणि त्याला माणूस नसतो. मग नाना दोन्ही तुकडे खळीने जोडून आपल्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर चिकटवतात. अख्खं गटार आणि अख्खे पुढारी एकत्र बघायचे असतील, तर रत्नागिरीत तेवढी एकच जागा.

फोटोखाली खडूने एक-दोन ओळी. त्या वाचायला सकाळी माणसं थांबतात. मी शाळेत शिकवतो, मलाही त्या वाचल्याशिवाय हजेरी घ्यायला सुचत नाही.

दुकान तसं कोकम, आगळ, आंबापोळी, फणसपोळीचं. गणपतीपुळ्याला निघालेल्या गाड्या तिथं थांबतात. एकदा पुण्याच्या एका बाई गाडीतून उतरल्या. "काका, आंबापोळी कशी दिली?"

नाना फळ्यावर लिहिता लिहिता पाठमोरेच म्हणाले, "थांबा वायच, बाबलशेठ चाललेत."

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर एक कुत्रा होता. "कुठे चाललेत?"

"खड्ड्यात," नाना म्हणाले आणि पूर्णविराम दिला.

नानांचा सगळा लोभ या बाबलशेठांवर. शेठांच्या वाढदिवसाचा भलामोठा बॅनर चौकात लागला, तर फळ्यावर आलं : 'बॅनरमुळे पुढचं वळण दिसत नाही. तरी सर्वांनी वळताना शेठांचं नाव घ्यावं.' मागच्या आळीतल्या रस्त्याचा नारळ पुन्हा फुटला, तेव्हा : 'या रस्त्याला नारळ भरपूर झाले. आता थोडी खडी मिळावी.' शेठ सकाळी गाडीतून जाताना फळ्यापाशी काच थोडी खाली करायचे, वाचायचे, आणि काच वर. नानांशी शब्द नाही.

एकदा शेठांचा एक कार्यकर्ता तावातावाने आला. "नाना, हे पुसा!"

नानांनी ओलं फडकं त्याच्या हातात दिलं. "तूच पूस. माझा खांदा दुखतोय."

त्याने चांगला घासून घासून फळा पुसला. तो कोपऱ्यावर पोचायच्या आत नानांनी लिहिलं : 'आज शेठांच्या प्रयत्नातून एक फळा स्वच्छ झाला. प्रभागात कामं होत नाहीत म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं.' त्या दिवशी दुकानासमोर वाहतूक तुंबली.

मग निवडणूक आली. मोबाईलवर बातम्यांचा चॅनल चालवणारे एक गृहस्थ आहेत, पूर्वी विमा विकायचे. ते माईक घेऊन नानांकडे आले. "नाना, शेठ किती मतांनी निवडून येणार?"

"आधी, 'येणार का?' असं विचार. मेल्या, तू मधूनच कसा सुरू करतोस?"

"नाही, तसं ठरलंय," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

आणि शेठ पडले. चांगलेच पडले. गल्लीत गुलाल उधळला तो विरोधकांनी.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यापाशी गेलो तर ही गर्दी. काल शेठांच्या मागे फिरलेले दोघे-तिघेसुद्धा मोबाईल सरसावून उभे. नानांच्या मांडीवर दोन्ही पेपर होते. शिमगा नाचत होताच, पण आरतीनेही पहिल्या पानावर नव्या नगरसेवकाला ओवाळलं होतं. मथळा होता : 'प्रभागातला अंधार अखेर संपला.' चॅनलवाले गृहस्थ पडक्या भिंतीसमोर उभे राहून शेठांच्या काळातला भ्रष्ट कारभार सांगत होते. आदल्या आठवड्यात तीच भिंत त्यांनी विकासकाम म्हणून दाखवली होती.

"नाना, लिहा! आज होऊन जाऊ दे!" कुणीतरी ओरडलं.

नानांनी पेपर घडी करून बाजूला ठेवले. कात्री काढलीच नाही. उठले, दुकानाची फळी लावली आणि मला म्हणाले, "मास्तर, स्कूटर आहे ना? चला."

"कुठं?"

"बाबलकडे."

मला वाटलं, आता हे तोंडावर बोलणार. वाटेत मी दोनदा म्हटलं, नाना, आज नको.

शेठांच्या अंगणात मांडवाच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. एरवी तिथं चपलांतून वाट काढावी लागायची. आज शेठ एकटेच झोपाळ्यावर, अंगात बनियन, फोन उलटा ठेवलेला. नानांना बघून ते उठले.

"या. काय लिहिलंत आज?"

"काय नाय."

"का? तुमचाच तर दिवस आहे."

नाना खुर्ची ओढून बसले. "बाबल, मी तुला मत दिलं होतं. या वेळेलाच नाय, दर वेळेला."

शेठ बघतच राहिले. मीही. "मग इतकी वर्षं माझी सालटी का काढलीत?"

"तुला मत दिलं म्हणून! ज्याला दिलंच नाय, त्याला मी कुठल्या हक्काने बोलू?"

मग नाना माझ्याकडे वळले आणि त्यांनी जे सांगितलं, ते मला शेजारी राहूनही ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, शेवटच्या आजारपणात अत्यवस्थ झाल्या तेव्हा मुसळधार पाऊस होता आणि गाडी मिळत नव्हती. बाबलशेठांनी स्वतःची जीप काढली. पालीच्या पुढे घाटात दरड आली होती, तिथं खाली उतरून माणसं जमवून दगड बाजूला करवले आणि काकूंना कोल्हापूरला पोचवलं. दिवसभर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिले. काकू काही परत आल्या नाहीत.

"त्याचा फोटो कुठंच आला नाय," नाना म्हणाले. "आरतीतसुद्धा नाय. यानेच कुणाला सांगितलं नव्हतं."

शेठांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "नाना, आता सांगतो. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात, तेव्हा वहिनींनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, 'मी नसले की हे घरात कुढत बसतील. तू आपला काहीतरी घोळ घालत राहा. यांना रोज फळ्यापाशी यायला कारण हवं.'"



"मी हो म्हटलं," शेठ म्हणाले. "लोक म्हणतात, मी एकही आश्वासन पाळलं नाही. पण हे पाळलं की नाही?"

खरं की खोटं, देव जाणे. माणूस शेवटी राजकारणातला. पण नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि तो परत न लावताच म्हणाले, "घोळ घालायला नगरसेवकच असायला हवं, असं ती म्हणाली नव्हती ना?"

"नाही."

"मग झालं तर. आत चहा टाकायला सांग. मास्तरांनाही."