रुमालाखालची देणगी

सर्जेरावआबांनी तुमचा हात हातात घेऊन त्यावर खांद्यावरचा रुमाल टाकला, की शहाण्या माणसानं बोटं घट्ट मिटून घ्यावीत. हे मी तुम्हाला आता सांगतोय. आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं नाही, त्यामुळे आमच्या कॉलेजातल्या भल्याभल्या विद्वानांची बोटं त्या रुमालाखाली सापडली आणि खिसा हलका झाल्यावरच बाहेर आली.

रुमालाचा प्रकार असा. पूर्वी मोंढ्यात, म्हणजे आमच्या मराठवाड्यातल्या धान्य-कापसाच्या बाजारात, भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात घालायचे, वर रुमाल पडायचा आणि खाली बोटं दाबून सौदा ठरायचा. शेकड्यात की हजारात, एवढंच तोंडानं सांगायचं. मग एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन आणि अख्खा पंजा धरला की पाच. भोवती गर्दी उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. पुढं बाजार समित्या आल्या, उघड लिलाव सुरू झाले आणि रुमाल कायद्यानं बंद झाला. आबांची उमेदीची सारी वर्षं वैजापूरच्या मोंढ्यात आडत, म्हणजे दलाली, करण्यात गेली होती. सरकारनं तिथून हाकललेला रुमाल त्यांनी आमच्या कॉलेजात आणून पुन्हा चालू केला.

आबा कॉलेजात पहिल्यांदा आले ते पाणी प्यायला. मुलगा वाळूजच्या कारखान्यात साहेब, सून बँकेत. मुलानं इथं शहरात, उस्मानपुऱ्यात बंगला बांधला आणि आई गेल्यावर वडिलांना वैजापूरहून उचलून आणलं. एका दुपारी आबा फिरत फिरत आमच्या फाटकात शिरले, माठातलं पाणी प्याले, शिक्षकांच्या खोलीत डोकावले आणि अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांच्या खुर्चीत बसले. विभागप्रमुख तासावरून आले तेव्हा आबांनी त्यांना विचारलं, "कुणाकडं आलात?"

त्यानंतर ते रोज येऊ लागले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर तो रुमाल. व्हरांड्यातून जाणाऱ्या पोरापोरींकडं बघत ते मान डोलवायचे. "माल चोख हाय, मास्तर," मला सांगायचे. विद्यार्थ्यांना माल म्हणू नये असं मी त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मालाला माल नाय म्हणायचं तर काय म्हणायचं? अन् मालाला जो जपत नाय तो कसला आडत्या?" नापास झालेल्या पोरांवर तर त्यांचा विशेष जीव. "हा उन्हाळी कांदा हाय. कांदाचाळीत टिकतो. आत्ता भाव नाय म्हणून उकिरड्यावर टाकायचा नसतो."

कॉलेजात एक गरजू विद्यार्थी सहाय्य निधी होता. तो माझ्याकडं होता, कारण मी वयानं सगळ्यांत लहान आणि स्वभावानं सगळ्यांत भिडस्त. गावातल्या व्यापाऱ्यांकडून देणग्या गोळा करायच्या, दात्यांची नावं दरवाजाजवळच्या फळ्यावर रंगवायची आणि संमेलनात पाहुण्यांच्या हस्ते पोरांना मदत द्यायची, अशी रीत होती. दरवर्षी फळ्यावरून भांडणं व्हायची. कुणाचं नाव खाली गेलं, कुणाचं आडनाव बारीक अक्षरात आलं. एका कापडवाल्यांनी तर रंगाऱ्याला परस्पर पैसे देऊन आपल्या नावाभोवती वेलबुट्टी काढून घेतली होती.

आबांनी तो फळा उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं, "हे काय, बारशाची यादी हाय का?"

मी म्हणालो, "आबा, नाव दिसलं की माणूस देतो."

"देतो, पण शेजाऱ्यापेक्षा एक रुपया जास्त देतो. तेवढाच. रुमालाखाली माणूस सवताच्या ऐपतीएवढं देतो. चला माझ्यासंगं."

गेलो. आमच्या शहराच्या मोंढ्यातल्या जुन्या पेढ्यांवर वैजापूरच्या आबांना ओळखून म्हातारे व्यापारी गाद्यांवरून उठून उभे राहिले. रुमाल पडला की त्यांचे डोळे चमकायचे. कित्येक वर्षांनी कुणी तरी त्यांच्याशी बोटांनी बोलत होतं. आबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. कुणी एक बोट दिलं काय नि पंजा दिला काय, आबा एकाच सुरात "व्वा!" म्हणायचे. एका ठेकेदारानं एकच बोट दिलं असावं. आबांचा तो दणदणीत "व्वा!" ऐकून त्याचं त्यालाच कसनुसं झालं आणि त्यानं पुन्हा हात पुढं केला. "शेठ, पयला सौदा पक्का झाला," आबा म्हणाले, "हा दुसरा समजू." त्या वर्षी निधी इतका जमला की आमचे हिशेबनीस दोनदा चष्मा पुसून बेरीज करत बसले.

पण खरी गंमत झाली ती प्राचार्यांची. आमचे प्राचार्य अर्थशास्त्राचे डॉक्टर. बाजारपेठ या विषयावर त्यांचा जाडजूड प्रबंध होता. आबा त्यांच्या खोलीत गेले, मीही मागोमाग. आबांनी हात पुढं केला, वर रुमाल टाकला आणि आदबीनं विचारलं, "सर, हजारात बोलायचं ना?"

प्राचार्यांना वाटलं, ही खेड्यातली काही नमस्काराची पद्धत असेल. ते हसून म्हणाले, "बोला की, अवश्य बोला!" आणि त्यांनी आबांचा पंजा प्रेमभरानं दाबला. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून पुन्हा एकदा दाबला. मी डोळे मिटून घेतले.

"दिलं!" आबा गरजले. "सर, कॉलेजची शान राखली!"

प्राचार्य दिवसभर खुश होते. दुसऱ्या दिवशी आबा रक्कम न्यायला गेले तेव्हा आतून जो आवाज आला तो सगळ्या व्हरांड्यानं ऐकला. "दोन महिन्यांचा पगार? अहो, मी नुसतं हस्तांदोलन केलं!"

"हस्तांदोलन उघड्यावर करत्यात, सर," आबा शांतपणे म्हणाले. "रुमालाखाली सौदाच व्हतो. पण तुमी नवे हायेत. हप्ते करून देतो."

प्राचार्यांनी हप्ते फेडले, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. मात्र पुढं निवृत्त होईपर्यंत ते सगळ्यांना लांबूनच नमस्कार करत.

आबांचा एकच राग मला समजायला वेळ लागला. संमेलनात मदत वाटपाचा कार्यक्रम सुरू झाला. ध्वनिक्षेपकावर नावं पुकारली जाऊ लागली, अमुक तमुक, वडील मजुरी करतात, घरची परिस्थिती हलाखीची. पोरं एकेक करून खाली मान घालून वर येत होती आणि छायाचित्रकार त्यांना म्हणत होता, "जरा वर बघ, हस." आबा मधूनच उठून चालते झाले.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "देणाराची बोटं झाकली आपण. अन् घेणाराला उघडं पाडलं. ज्याला लई लाज हाय तो तुमच्या दारात येणारच नाय, मास्तर. अन् ज्याला लाज हाय तोच माल चोख असतो."

ते खरं होतं, कारण नसरीन शेखनं अर्ज केलाच नव्हता.

नसरीन विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आधीची दोन्ही वर्षं कॉलेजात पहिली आली होती. वडील करीमभाई चेलीपुऱ्यात भांड्यांना कलई करायचे. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि त्यांच्या भट्टीवर कुणी येईनासं झालं. फी थकली होती. सोमवारपर्यंत भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म जाणार नव्हता, नाव कटणार होतं. नाव कटलं की पोरगी घरी बसणार आणि घरी बसली की मालेगावच्या आत्याकडून आलेलं स्थळ पक्कं होणार, हे तिनंच रडत रडत मला सांगितलं होतं. मी करीमभाईंना भेटून आलो होतो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि एका वाक्यात वाटेला लावलं, "सर, हमारे कू खैरात नक्को."

आबांना हे सांगितलं तर त्यांनी भलतंच विचारलं. "क्यांटीनमधी पितळंचं पातेलं हाय का? मोठं?"

ते भलंमोठं काळं पातेलं मांडीवर घेऊन आम्ही रिक्षातून चेलीपुऱ्यात गेलो. रिक्षावाला आरशातून सारखा आमच्याकडं बघत होता. करीमभाईंनी पातेलं पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी भट्टी फुलवली, पातेलं तापवलं, नवसागराचा तिखट धूर उठला आणि कापसाच्या बोळ्याखाली पातेल्याची काळी आतली बाजू चांदीसारखी लखलखत गेली. आबा उकिडवे बसून बघत होते. "काय हात हाय!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि या वेळचा कौतुकाचा सूर मोंढ्यातला नव्हता.

काम झाल्यावर आबांनी हात पुढं केला आणि रुमाल टाकला.

करीमभाई चपापले, मग हसले. "अरे! ये तो मोंढे का रुमाल! हमारे अब्बा की उंगली पकडके बहुत देखा मैं."

मजुरी ठरली. आबांनी हात सोडला नाही. "आता दुसरा सौदा, करीमभाई. तुमच्या लेकीची फी."

करीमभाईंचा हात मागं गेला. "आबा, मैं बोला ना सर कू. पूरी फी नाय माझ्याजवळ. और खैरात..."

"खैरातीचं नाव कुणी काढलं? मी आडत्या हाय, फुकट कायबी देत नाय. मला सांगा, मोंढ्यात माल आणला तर कडता कापत्यात का नाय?"

कडता म्हणजे मालात ओल आहे, माती आहे असं म्हणून व्यापारी वजनातून जे कापून घेतात ते. करीमभाई म्हणाले, "हौ, कापते."

"मंग हा कॉलेजवाला बी माल विकायलाय. त्याच्या मालाचा कडता आपण का नाय कापायचा? बघा. विज्ञानाच्या वर्गातले पंखे बंद. लिहा कडता. नळाला पाणी नाय. प्रयोगशाळेत निम्म्या काचा फुटलेल्या. अन् हे मास्तर," त्यांनी माझ्याकडं बोट केलं, "मागल्या महिन्यात तासाला गेलेच नाय. माझ्यासंगं मोंढ्यात फिरत हुते."

मी उसळलो. "आबा, तुम्हीच मला नेलं होतं!"

"मालात खोट कशानं आली हे गिऱ्हाईक इचारत नसतं."

करीमभाई आता माझ्याकडं नीट बघू लागले, चढ्या भावानं सडका माल गळ्यात मारणाऱ्याकडं बघावं तसे. "सर, लायब्ररी भी बंद रहती बोलती नसरीन," ते म्हणाले.

"फक्त जेवणाच्या सुट्टीत!" मी ओरडलो.

"बंद रहती ना? लगाव कडता," करीमभाई म्हणाले आणि त्यांनी आपणहून रुमालाखाली हात घातला.

बराच वेळ बोटं चालली. करीमभाई भुवया उडवत होते, आबा मान हलवत होते, एकदा तर दोघंही हात सोडून उठायला निघाले आणि पुन्हा बसले. आतल्या दाराच्या पडद्याआड नसरीन उभी होती. तिची पावलं दिसत होती, आणि ती जरासुद्धा हलत नव्हती. शेवटी आबा म्हणाले, "दिलं!" करीमभाई ताठ मानेनं उठले, आत गेले आणि ठरलेले पैसे आणून माझ्या हातात देत म्हणाले, "सर, पावती पुऱ्या फीची पाहिजे. सौदा झाला तसा."

उरलेली रक्कम निधीतून गेली. ती किती होती हे हिशेबात मला कळलंच, पण सांगणार नाही. रुमालाखालचं बाहेर काढायचं नसतं. पुढच्या वर्षापासून मंचावर नावं पुकारणं बंद झालं आणि ज्याला गरज आहे तो व्हरांड्यातल्या बाकावर आबांच्या शेजारी बसून रुमालाखाली ती सांगू लागला. नसरीन एम.एस्सी. झाली आणि आज एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वडिलांनी कॉलेजला कसं वाकवलं याची गोष्ट ती मोठ्या अभिमानानं सांगते.

त्या दिवशी मात्र करीमभाईंनी आम्हाला उठू दिलं नाही. सौदा झाल्यावर तोंड गोड करायचं, पण घरात गोड नव्हतं. म्हणाले, "सादाच है आज. दाल, भाकरी, अंबाडे की भाजी. चालतंय ना?"

"चालतंय काय, पळतंय!" आबा म्हणाले आणि मांडी घालून बसले.

नसरीनची आई आत भाकरी थापत होती आणि नसरीन तव्यावरची भाकरी आणून ताटात टाकत होती. आबांनी पहिली भाकरी मोडली आणि तिच्या वाफेवर नुसता हात धरून बसले.

"आबा, जेवा की," मी म्हणालो.

"गरम हाय," ते म्हणाले. "लई दिसांनी."

"घरी काय थंड वाढतात का?"

मी थट्टेनं विचारलं होतं. ते थट्टेनं घेतील असं वाटलं होतं. पण आबा साधेपणानं सांगू लागले. "नाय, पोरं गुणाची हायेत. कायबी कमी करत नाय. सकाळी कामाला जाताना टेबलावर झाकून ठेवत्यात. दुपारी मी झाकण काढतो, खातो, परत झाकण ठेवतो. तुमची काकू होती तवा जेवताना तिची बडबड चालायची. आता बोलायचं कुणाशी? म्हणून तुमच्याकडं येऊन बसतो, मास्तर. निधीच्या निमतानं दिसातून चार माणसांचा हात हातात येतो. नाय तर म्हाताऱ्याचा हात धरतंय कोण?"

इतके दिवस आम्ही सगळे त्या रुमालाला हसत होतो. करीमभाईंनी आबांच्या वाटीत आणखी डाळ घातली.

"आबा," ते म्हणाले, "जुम्मे कू आते जाव खाने कू. हर जुम्मे कू."

"येतो की," आबा म्हणाले. त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा डाळीत बुडवला आणि तो तसाच हातात धरून ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांचे सौदे ठरवणाऱ्या त्या माणसाला स्वतःसाठी काही मागायची सवय नव्हती.

"अन् करीमभाई," ते हळूच म्हणाले, "दोन शुक्रवारांच्या मधीच एखाद्या वारी आलो, तर चालंल का?"