स्कारवोगच्या निर्वात मोहिमेची आणि टुम्मासाच्या बोटाची बखर

श्रीसमुद्र आणि श्रीवायू उभयता प्रसन्न असोत. उभयता न होतील तर निदान एक तरी असो. फेरो बेटे अठरा, माणसे थोडी, मेंढरे बहुत आणि वारा बेहिशेब, ऐसा हा उत्तर समुद्रातील मुलूख. तेथील राष्ट्रीय फुटबॉल फौजेने पहिली फत्ते कैसी केली, याची साद्यंत हकीकत लिहून द्यावी, ऐसा मंडळींचा हुकूम जाहला. त्यास जे डोळ्यांनी पाहिले आणि जे कानांनी ऐकिले, ते सेवकाने यथास्थित लिहिले आहे. त्या दिवशी कानांनी फारच ऐकिले. पदरचे काही घातले असल्यास ते शोभेपुरते.

प्रथम फौजेचा पूर्ववृत्तांत. सरदारांमध्ये कोणी पाववाला, कोणी सुतार, कोणी शाळामास्तर, कोणी जाळी विणणारा. मोहिमेवर जाणे म्हणजे आधी मासळीच्या कारखान्यातून रजा मिळविणे, हीच पहिली लढाई, आणि जिंकलेली बहुधा तेवढीच. मग बोटीत बसावे, ओकावे, परमुलुखी उतरावे, सहा-सात गोल खावे, गनिमाच्या सरदारांशी सदऱ्यांची अदलाबदल करावी आणि परत यावे. बंदरावर लोक जमत आणि पुसत की, किती? चार म्हटले तर टोप्या उडवीत. आठ म्हटले तर म्हणत की, मध्यंतरापर्यंत बरे चालले होते ना! ऐसी वीस वर्षे गेली, आणि हरण्याचा सराव इतका जाहला की, एके साली सामना बरोबरीत सुटला तेव्हा हे वर्तमान कोठे घालावे हे कोणास उमजेना, आणि वर्तमानपत्राने ते हवामानाच्या सदरात छापिले.

आता वाऱ्याचा प्रकार. या मुलुखी वारा ऐसा की, मटण देखील चुलीवर न ठेविता फटींच्या खोलीत टांगून वाऱ्यावरच मुरवितात. लोक जन्मापासून ओरडून बोलतात. कुजबुज ही विद्या तेथे नाही. चेंडू जागी ठेविला तर ठरत नाही, गावास जातो. याकारणे पेनल्टीचे समयी एका गड्याने पालथे निजावे आणि एका बोटाने चेंडू दाबून धरावा, मग दुसऱ्याने येऊन लाथ मारावी, ऐसी रीत पडली. आणि मारणाऱ्याने गोलात पाहू नये, उजवीकडे दोन हात सोडून शेवाळी खडकाकडे पाहावे, पुढे चेंडू गोलात नेणे ते वारा पाहून घेईल, हेही तेथे पाळण्यातील लेकरास ठाऊक.

या बोट धरण्याच्या कामी सरदार टुम्मास याजसारखा मर्द अठरा बेटांत नव्हता. वय एक्केचाळीस, राहणार स्कारवोग, चाकरी फेरीबोटीचे दोरखंड धक्क्याला बांधण्याची, यास्तव बोटे लोखंडी. बारा वर्षे राष्ट्रीय फौजेत होता, आणि त्या बारा वर्षांत मैदानावर एकूण नऊ मिनिटे उभा राहिला. उभा म्हणणे देखील शोभेपुरते, निजलेला होता. पेनल्टी मिळाली की त्यास राखिवांतून आत पाठवावे, त्याने निजावे, बोट ठेवावे, आणि काम जाहले की उठून अंगाचा चिखल झाडावा. चेंडूस त्याचा पाय म्हणून लागला नाही.

परंतु टुम्मासाच्या उरात एक शल्य होते. पंधरा वर्षांपूर्वी गावच्या करंडकाचे अखेरचे लढाईत, अखेरचे क्षणी, गारा आणि वारा मातला असता स्कारवोगास पेनल्टी मिळाली. टुम्मासाने बोट धरिले, आणि गावचा लाडका नेमबाज होग्नी धावत आला. चेंडू जागीच राहिला, गोलात गेले ते एक ढेकूळ, आणि टुम्मासाचे बोट वाकडे जाहले ते आजतागायत वाकडे आहे. होग्नीने तेथेच जाहीर केले की, टुम्मासाने बोट आधीच उचलिले, चेंडू हलला. गारांमध्ये कोणी काही पाहिले नव्हते. होग्नीची मातुश्री आर्मगार ही क्लबची चिटणीस, तिने लेकाच्या जबानीवर इतबार ठेवून दफ्तरी लिहिले, आणि गावाने टुम्मासाचे नाव बोटसुट्या ठेविले. आठवडाभर तो दारोदार सांगत फिरला की बोट जागेवर होते. मग सांगणे सोडिले. त्या मुलुखात टोपणनाव एकदा चिकटले की लेकरांस वारशाने जाते; त्याची लेक सुन्वा शाळेत गेली तर तीही बोटसुट्याची सुन्वा.

आणि यातील खोच ऐशी की, पुढे होग्नी राष्ट्रीय फौजेचा कप्तान जाहला तेव्हा त्याने पहिलीच अट घातली की, बोट धरावयास टुम्मासच पाहिजे, दुसऱ्याचा भरवसा नाही. गाव म्हणाले, पाहा होग्नीचे मन किती मोठे, त्याने क्षमा केली! बदनामी टुम्मासाने सोसली होती, ही क्षमा मात्र त्यास सोसवेना.

ऐसे असता ज्येष्ठ मासी एक बडी दौलत बेटांवर चालून आली. तिचे नाव लिहीत नाही, कारण ते लोक अद्याप आमच्याशी खेळावयास येतात. राजधानीचे मैदान खणून ठेविलेले, याजकरिता लढाईची जागा स्कारवोग नेमिली, जेथे एका बाजूस समुद्र, दुसरे बाजूस टेकडी, आणि टेकडीवर तमाम रयत घोंगड्या पसरून बसते. परमुलुखीचे पंचसाहेब शनिवारी बंदरी उतरले, तो त्यांची टोपी वाऱ्याने नेली. बोट धरण्याच्या परवान्याविषयी अर्ज पुढे केला असता साहेबांनी उघड्या डोक्यावर हात फिरविला आणि मुकाट सही केली.

रविवारी सकाळी लोक उठून बाहेर आले, तो वारा नाही. धुराड्यांतून धूर सरळ वर जातो आहे, दोरीवरचे कपडे मेल्यासारखे लोंबत आहेत, आणि समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निपचित. म्हातारी माणसे एकमेकांस पुसू लागली की, काय ऐकू येत नाहीसे जाहले आहे? बातमी देवळापर्यंत गेली, आणि पाद्रीबोवांनी प्रवचन नित्याच्या आवाजात आरंभिले तो पुढल्या बाकावरील तीन लेकरे दचकून रडू लागली.

लढाईस तोंड लागले. होग्नीने पहिली तोफ डागली, शेवाळी खडकाकडे नजर ठेवून, जैसी आजन्म डागीत आला तैसी, आणि चेंडू इमानाने सरळ शेवाळी खडकाकडे गेला आणि समुद्रात पडला. चेंडू काढावयास होडी ठेविलेली असतेच, तिने काढिला. मग दुसरी तोफ, मग तिसरी, आणि मग सुताराने डागली, मग मास्तराने, तमाम उजवीकडे, तमाम समुद्रात, आणि होडीवाला अखेर म्हणाला की, हे काम माझे एकट्याचे नव्हे. गनीम म्हणावा तर रात्रभर बोटीत ओकलेला, दोन पावले धावला की गुडघ्यांवर हात ठेवून उभा राही. ऐसी दोन्ही लष्करे बेजार, आणि गोल कोणाचाच नाही.

दुसरा अनर्थ ऐसा की, वारा नसल्याकारणे मैदानावरचा शब्दन् शब्द टेकडीवर ऐकू जाऊ लागला. होग्नीने सहावा चेंडू समुद्रात धाडून चेंडूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो टेकडीवरून मातुश्री आर्मगार उठून उभी राहिली.

"होग्नी! तोंड सांभाळ! पाद्रीबोवा बसलेत इथे शेजारी!"

"आई, तुला कसं ऐकू आलं?"

"सगळ्या गावाला ऐकू आलं, गाढवा!"

टेकडी हसली. होग्नीने तेवढ्यापुरती मान खाली घातली आणि सातवा चेंडूही समुद्रात धाडिला.

दोन मिनिटे उरली असता गनिमाच्या एका दमलेल्या सरदाराने तोल जाऊन सुताराचा सदरा धरिला आणि उभयता पेनल्टीच्या हद्दीत कोसळले. पंचसाहेबांनी शिटी मारिली. टेकडीवर गलका उडाला, आणि सेनापतींनी, म्हणजे फौजेच्या प्रशिक्षकांनी, वहिवाटीप्रमाणे टुम्मासास आत पाठविले. तो गेला, पालथा निजला, आणि वाकडे बोट चेंडूवर ठेविले. वारा नव्हता, बोटाची गरज नव्हती, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. होग्नी मात्र पावले मोजावयाची सोडून त्याच्या कानापाशी येऊन उकिडवा बसला.

"टुम्मास, माझ्याच्यानं नाही व्हायचं. पाय आपोआप उजवीकडं जातो. सात मारले, सातही माशांना."

"मग सरळ मार की."

"सांगतोय काय मी? पायाला सरळ म्हणजे काय ते माहीतच नाही! या सगळ्यांचं तेच. तू मार."

"मी? पंधरा वर्षांत मला चेंडू कुणी दिलाय?"

"म्हणून तर! तुझ्या पायाला वाऱ्याची सवयच नाही. तुझा एकट्याचा जाईल सरळ."

टुम्मासाने बोट चेंडूवरून काढिले नाही. आठवडाभर दारोदार सांगून जे जाहले नव्हते ते मागावयाची घडी हीच, हे त्यास समजले. मग त्याने तहाचे एकमेव कलम घातले.

"मारतो. पण आधी सांग, त्या दिवशी काय झालं होतं."

"कुठल्या दिवशी? आत्ता? इथं?"

"इथंच."

"अरे घरी बोलू ना निवांत, कॉफी घेत."

"पंधरा वर्षं तुझ्या घरी कॉफी पितोय. एकदा तरी बोललास?"

पंचसाहेबांनी घड्याळ पाहिले आणि सेनापतींस खुणेने पुसिले की, हे काय चालले आहे? सेनापतींनी उत्तर पाठविले की, हीही आमची रीत आहे. साहेबांनी पुन्हा डोक्यावर हात फिरविला आणि थांबले.

होग्नी आणखी खाली वाकला. त्याच्या मते तो टुम्मासाच्या कानातच बोलत होता. परंतु त्या मुलुखात कानात बोलणे म्हणजे काय ते वर लिहिलेच आहे.

"बरं बाबा, घे! तुझं बोट जागेवर होतं! मी जमिनीला लाथ घातली! सव्वीसचा होतो, लाज वाटली, खोटं बोललो! झालं समाधान?"

टेकडी चिडीचूप जाहली. अकराशे माणसांमध्ये कोणी खोकले नाही. एक मेंढी चरावयाची थांबली. होग्नीने मान वर करून पाहिले, तो सर्व गाव त्याजकडे पाहत होते, आणि त्या शांततेत मातुश्रीचा आवाज आला, जो या खेपेस चढा नव्हता.

"होग्नी. परत म्हण."

"आई, सामना चाललाय!"

"सामना गेला खड्ड्यात. उभा राहा आणि परत म्हण."

तेव्हा फौजेचा कप्तान, दंडास पट्टा, उभा राहिला आणि शाळकरी पोराप्रमाणे हात मागे बांधून दुसऱ्यांदा म्हणाला, "त्याचं बोट जागेवर होतं. मी खोटं बोललो." मग कोणी न सांगता तो चिखलात पालथा पडला आणि आपले बोट चेंडूवर ठेवून म्हणाला, "मार आता. माझं बोट तोडलंस तरी चालेल."

टुम्मास तीन पावले मागे गेला. त्यास खडक माहीत नव्हता, वारा माहीत नव्हता, समोर फक्त गोल दिसत होता. गनिमाचा किल्लेदार, म्हणजे त्यांचा गोलरक्षक, दिवसभर पाहून पक्का जाहला होता की, हे लोक एकाच बाजूस मारितात. यास्तव चेंडू उडण्याच्या आधीच त्याने खडकाच्या बाजूस झेप घेतली. टुम्मासाने बुटाच्या चोचीने, डोळे किंचित मिटून, लाथ मारिली. चेंडू सरळ गेला. वेगाने म्हणावे तर तेही नाही, बाजारास निघालेल्या बाईसारखा गेला, आणि किल्लेदार जमिनीवरून त्याजकडे पाहत असता आत जाऊन जाळ्यास टेकला. होग्नीचे बोट शाबूत राहिले. हललेही नाही, हे नमूद करणे न्यायाचे आहे.

येणेप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, रविवार, स्कारवोगच्या रणी फेरो फौजेने एक विरुद्ध शून्य ऐसी बडी दौलत शिकस्त केली. गनिमाच्या सेनापतींनी जाता जाता फिर्याद केली की, आम्ही वाऱ्याचा सराव करून आलो होतो, ही फसवणूक आहे. फिर्याद ऐकून घेतली. टोप्या उडाल्या आणि जेथून उडाल्या तेथेच पडल्या, हे पाहून पुन्हा उडविल्या. वाऱ्यावरचे मटण, सुके मासे, उकडलेले बटाटे आणि रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा, ऐसी जेवणे मांडली. लोकांनी टुम्मासास खांद्यावर घेतले आणि घेतल्यावर काय म्हणून हाक मारावी हे कोणास सुचेना, म्हणून नुसतेच टुम्मास, टुम्मास ऐसे ओरडू लागले. पंधरा वर्षांत ते नाव त्याने बायकोच्या आणि होग्नीच्या तोंडून तेवढे ऐकिले होते.

मातुश्री आर्मगार जेवणास बसली नाही. हातात पिशवी घेऊन तडक क्लबच्या खोलीत गेली, फळीवरून पंधरा वर्षांपूर्वीची वही काढिली, आणि टुम्मास, त्याची लेक सुन्वा आणि आपला लेक या तिघांस बोलावून घेतले. वहीत तिच्याच अक्षरात होते, टुम्मासाने बोट उचलिल्याकारणे पराभव. तिने चष्मा लाविला आणि ती ओळ पट्टी धरून खोडिली. खाली लिहिले आणि होग्नीची सही घेतली. मग टुम्मासापुढे हात जोडून म्हणाली, "मी विचारायला हवं होतं रे. आई होते, नाही विचारलं." बखरीत सरदारांनी रडू नये ऐसा रिवाज आहे, परंतु टुम्मास रडला ते रडला, आणि होग्नी दाराकडे तोंड करून उभा होता त्याचेही काही निराळे नव्हते.

बाहेर वारा सुटला. खोलीचे दार धाडकन आपटले, वहीची पाने फडफडू लागली, आणि शाई ओली म्हणून सुन्वाने पान बोटाने दाबून धरिले. बाहेर लोक पुसत होते की, आत काय लिहिले? तेव्हा तिने, वाऱ्यावर ऐकू जावे ऐशा आवाजात, ओळ वाचून दाखविली. फत्तेचा कागद राजधानीच्या दफ्तरी आहे. ही दुसरी नोंद गावच्या वहीत आहे, आणि तिच्यावाचून ही बखर पुरी होत नाही. ओळ येणेप्रमाणे: बोट जागेवर होते.