सदर आवाजाबाबत

खोकं रिक्षातून उतरवायला दोन माणसं लागली, तेव्हाच आनंदराज सोनकांबळेने सावध व्हायला हवं होतं. पण माणूस पन्नाशीला टेकला की नको तिथे सावध होतो आणि हवं तिथे मूर्खासारखा खूश होतो. नांदेडचा सर्वेश, तंत्रनिकेतनातला जुना दोस्त, घर विकून पुण्याला लेकाकडे निघाला होता. त्याच्या माळ्यावर आनंदराजची इलेक्ट्रिक गिटार आणि पंधरा इंची स्पीकरचा डबा अठ्ठावीस वर्षं पडून होता. ते सगळं त्याने एसटी पार्सलने लातूरला पाठवून दिला.

"ह्ये काय आणलाव?" मनिषाने दारातूनच विचारलं.

"गिटार हाय."

"गिटार कळती मला. ह्ये कपाट काय हाय?"

"त्यातून आवाज येतो."

"न्हाई यायचा," मनिषा म्हणाली. "वरच्या खोल्यांत नीटची लेकरं हायती. परीक्षा बारा दिवसांवर आली. त्यांच्या आया मला मिक्सर लावू देत न्हाईत, चटणी पाट्यावर वाटायलेय मी. अन् तुमी पयलं टाकी घासा. नळ येईस्तोवर कोरडी हाय तवर."

तिचं म्हणणं खरं होतं. सगळी गल्लीच पोरांना खोल्या देऊन बसलेली, आणि जिन्यात 'शांतता राखा' ही पाटी खुद्द आनंदराजनेच रंगवलेली. पाइपलाइन फुटल्यामुळे नळ लांबला होता आणि अंगणातली जमिनीखालची टाकी ठणठणीत कोरडी पडली होती. टाकी! आनंदराजच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सात फूट खोल, चारी बाजूंनी माती, वर काँक्रीट. तिथे वाजवलं तर कुणाच्या बापाला ऐकू जाणार होतं?

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर त्याने दोर बांधून, कंबरेची कळ सोसत डबा टाकीत सोडला. वायर ओढली, देखाव्यापुरता खराटा घेतला आणि शिडीने खाली उतरला.

तंत्रनिकेतनातल्या त्यांच्या बँडचं नाव होतं 'अंगार', आणि गाणं एकच. शिष्यवृत्तीचा अर्ज आठ महिने अडकला होता तेव्हा रागाच्या भरात आनंदराजनेच लिहिलेलं: 'फाडा, फाडा, फायली फाडा!' त्यात चालीपेक्षा आरडाओरडच जास्त. त्यानंतर आनंदराज तहसील कचेरीत चिकटला, नैसर्गिक आपत्तीच्या टेबलावर बसला आणि वीज, गारपीट, पूर यांच्या फायली बांधत गेला. तीस वर्षांपूर्वी जो माणूस त्याला फाडायचा होता, तो आता रोज सकाळी त्याच्याच शर्टात कचेरीला जात होता.

त्याने गंजक्या तारेवर हात मारला. टाकी अशी काही गरजली की त्याच्या अंगावर काटा आला. मग तो ओरडला. दुसऱ्याच ओळीला ठसका लागला, तिसरीला दम. राग आठवून आठवून आणावा लागत होता. तरी अर्धा तास त्याला कुणी 'साहेब' म्हटलं नाही, कुणी 'अहो' म्हटलं नाही, आणि एवढं सुख त्याला गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

तो घामाघूम होऊन वर आला. "घासायलाव वाटतं नीट," संध्याकाळच्या शिवणवर्गातून परतलेली मनिषा कौतुकाने म्हणाली.

"लई घाण हाय. तीनचार दिवस लागतील."

चौथ्या दिवशी कचेरीत समोरच्या घरातले बसवंत गुरुजी अर्ज घेऊन हजर झाले. खाली सदतीस सह्या. विषय: भूगर्भातून येणाऱ्या गूढ आवाजाबाबत.

"तीन दिस झाले, आनंदराव. संध्याकाळी बरोब्बर साडेसहाला. मी घड्याळ लावून बसलो होतो," गुरुजी म्हणाले. "आधी गुरगुर, मग धडधड. फळीवरची भांडी थरथर कापतात. अन् मधून माणूस वरडल्यासारखं."

आनंदराजच्या हातातलं पेन थांबलं. "माणूस?"

"माणूसच असंल असं न्हाई. रेडा बी असू शकतो. ना ताल, ना सूर."

"ताल होता," आनंदराज बोलून गेला.

"तुमी बी ऐकलाव?"

"न्हाई. मी टाकी घासत होतो."

आता खरं सांगायचं ते इथेच. पण मागे दोन शिपाई उभे, पुढे सदतीस सह्या, आणि आपत्तीच्या टेबलावरचा कारकूनच आपत्ती निघाला म्हटल्यावर नोकरीचं काय? आनंदराजने अर्जावर 'आवक'चा शिक्का मारला. आजपासून वाजवायचं नाही, आवाज थांबला की लोक आपोआप विसरतील, असा त्याने हिशोब केला.

त्याने वाजवायचं बंद केलं आणि लोकांची झोप उडाली. "आवाज थांबला म्हंजी आत दाब साठायलाय," असं कुणीतरी म्हणालं आणि गल्लीला ते पटलं. पोरांच्या आयांनी गाद्या मोकळ्या प्लॉटवर आणल्या. वैशाखाच्या उन्हात, ताडपत्रीखाली, पोरं जीवशास्त्राची पुस्तकं घेऊन बसली. दोघी आया तर लेकरांना घेऊन कंधारला परत जायला निघाल्या. तहसीलदार राजशेखर साहेबांनी नांदेडहून भूकंप मोजायचं यंत्र घेऊन माणसं बोलावली.

"वर अहवाल पाठवलाव का?" साहेबांनी विचारलं.

"पाठवला साहेब."

"उगम काय लिहिलाव?"

"सदर आवाजाचा उगम अज्ञात."

"झकास."

संध्याकाळी आनंदराज गल्लीत आला तर लिंबाखाली बाज टाकून मल्लम्मा काकू बसल्या होत्या. गुरुजींची बायको. सत्तरीची बाई, उन्हाने चेहरा काळवंडलेला, पायाशी पाण्याचा तांब्या.

"काकू, आत झोपा की. आता आवाज बंद झालाय."

"न्हाई रे बाळा." त्यांनी आपल्या घराकडे बघितलं. "त्र्याण्णव साली, त्या पहाटे, आधी भांडीच वाजली व्हती. मी म्हणलं, मांजर असंल. अन् कूस बदलून निजले."

त्यांचं औशाकडचं माहेर त्या पहाटेच्या भूकंपात गेलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आनंदराजने रात्री भरलं ताट तसंच बाजूला सारलं. स्वतःची इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती. नोकरी गेली तर जाऊ दे, पण ही बाई घरात गेली पाहिजे, असं त्याने ठरवलं.

सकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, तो आवाज माझा हाय."

"कोणता?"

"भूगर्भातला."

साहेबांनी चष्मा काढला. "रजा पायजे का, आनंदराज? दमलाव तुमी. मार्चपासून बघायलोय."

"न्हाई साहेब. मी टाकीत गिटार वाजवत होतो."

"या वयात? टाकीत?" साहेब एकदम चिडले. "अहवाल वर गेलाय! 'अज्ञात' तुमीच लिहिलाव, सही तुमची हाय! आता मी काय सांगू, उगम सापडला, आस्थापनेवरच हाय?"

नांदेडहून आलेला यंत्रवाला कोपऱ्यात चहा पीत होता. तो म्हणाला, "साहेब, आवाज पुन्हा आल्याशिवाय आम्हाला बी काही मोजता येत न्हाई."

"मंग काढा," साहेब म्हणाले. "आज साडेसहाला. सगळ्यांसमोर."

साडेसहाला अख्खी गल्ली अंगणात. यंत्र टाकीच्या तोंडाशी, साहेब खुर्चीवर, गुरुजी घड्याळ घेऊन, मल्लम्मा काकू बाजेवर, आणि मनिषा कुणाच्याच नजरेला नजर न देता उभी. आनंदराज शिडीने खाली उतरला. तरुणपणी हे गाणं त्याला एखाद्या साहेबाच्या कानात ओरडायचं होतं. आज खरोखरचा साहेब डोक्यावर बसला होता, आणि तोच गायला सांगत होता. त्याने डोळे मिटून तार छेडली. "फाडा, फाडा, फायली फाडा!"

वर भांडी वाजली. यंत्राची सुई हलली. "हाच," यंत्रवाला म्हणाला.

आनंदराज वर आला. कुणी हसेना, कुणी रागवेना. मनिषाने तेवढं टाकीत वाकून बघितलं. "घासली न्हाईच की! आठ दिस झाले!"

साहेबांनी खिशातून कागद काढला. कारणे दाखवा नोटीस होती. एकदा त्यांनी नोटिशीकडे बघितलं, एकदा टाकीकडे, आणि तिचे दोन तुकडे केले. "गाण्यातच सांगितलाव तसं," ते थकून म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मल्लम्मा काकू काठी टेकत जवळ आल्या. "तूच वरडत व्हतास?"

"हाव काकू. माफ करा. लई चुकलं."

"कशापायी वरडत व्हतास?"

"पयले राग यायचा," तो म्हणाला. "आता येतो का ते बघत होतो."

काकूंनी मान हलवली, बाजेवरची उशी उचलली आणि घराकडे निघाल्या. उंबऱ्याशी थांबल्या. "रोज वाजव. साडेसहाला."

"काकू?"

"भांडी वाजली की म्हणीन, आनंदा हाय. मंग मला भ्या वाटायचं न्हाई."

या गोष्टीला आता दोन महिने झाले. पोरं परीक्षा देऊन गेली. नळ आला, टाकी मनिषाने स्वतः घासली, आणि डबा आता टाकीच्या झाकणावर असतो. काल पंचनामे करून करून आनंदराजची पाठ मोडली होती. तो आल्या आल्या आडवा झाला, तोच दारावर थाप पडली.

"आनंदराव, सहा पस्तीस झाले," गुरुजी म्हणाले. "ती सारखी फळीकडं बघायलीय."

"आज एक दिस सुट्टी द्या की गुरुजी. अंगात जीव न्हाई."

गुरुजी दारातून हलले नाहीत. आनंदराज उठला, अंगणात गेला, गिटार गळ्यात अडकवली आणि जांभई देत सुरू झाला, "फाडा, फाडा, फायली फाडा..."

समोरच्या खिडकीतून मल्लम्मा काकूंचा आवाज आला. "मोठ्यानं रे! भांडी हालंनात अजून!"

आनंदराजने आवाज वाढवला.