बिघडवायचं कसं, ते आदी सांगा

हिंजवडीजवळच्या एका वाडीत मी खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालक विठ्ठलतात्यांनी भाडं सांगायच्या आधी मलाच विचारलं, "ही खोली तुमाला नकोशी कशानं हुईल, ते सांगा."

मी परभणीहून नोकरीसाठी नुकताच आलेलो. साल दोन हजार चार. बिचकत म्हणालो, "छत गळलं तर. पाणी वर चढलं नाही तर. आणि... घरमालक सारखा डोकावला तर."

तात्यांनी तीन बोटं मुडपली. मी सामान घेऊन आलो तोवर छतावर डांबर पडलं होतं, नवी मोटार बसली होती, आणि माझ्या खिडकीवरून जायचं असलं की तात्या दहा पावलं आधीपासून खोकायला लागत. सहा वर्षं मी तिथं राहिलो. त्यांना खरा खोकला झालेला एकदाही पाहिला नाही.

तात्या साठीला टेकलेले. बरीचशी जमीन विकून उरलेल्या तुकड्यावर दहा खोल्या बांधलेल्या. भाडेकरूंना ते गावाच्या नावानं हाका मारत. वर अकोला, शेजारी सांगली, मी परभणी. कुणी कसलीही अडचण घेऊन आला की उत्तर ठरलेलं, "बिघडवायचं कसं, ते आदी सांगा." काकू वैतागून म्हणत, "ह्यांच्याकडं मीठ मागायची सोय न्हाई. म्हणत्याल, आदी कालवण खारट कसं करायचं सांग!"

कंपन्यांच्या गाड्यांनी गावातला रस्ता तुंबायला लागला, तेव्हा ग्रामसभेत नुसता आरडाओरडा झाला. तात्या उठले. "वाट काढायचं ऱ्हाऊ द्या. आजून कशी तुंबवायची, ते बोला."

लोकांना मजा वाटली. कुणी म्हणालं, वळणावर ट्रॅक्टर लावा. कुणी म्हणालं, वडापावची गाडी कोपऱ्यावर आणा. मागून एक आवाज आला, "रस्त्याच्या कडंला म्हशी बांधा!"

"आता सांगा," तात्या म्हणाले, "ह्यातलं आपन आज काय काय करतुया?"

वळणावर आधीच उभा असलेला ट्रॅक्टर सरपंचांचा होता. कडेला बांधलेल्या म्हशी तात्यांच्या होत्या. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरही हलला आणि म्हशीही.

पुढं आमच्या कंपनीत एक पाहुणे आले आणि मोठ्या पडद्यावर त्यांनी हीच पद्धत शिकवली. तिला लांबलचक इंग्रजी नावही होतं. संध्याकाळी मी तात्यांना सांगितलं, तर म्हणाले, "त्या मानसाला ह्याचा पगार मिळतो? मग आमच्या गावात मलाच येडा का म्हनत्यात?"

मग एका रविवारी सकाळी तात्या न खोकता माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"परभणी, कागद घ्या. एखाद्याला सख्खी बहीन कायमची तोडायची आसंल, तर त्यानं काय काय करावं?"

मला वाटलं, कुणाचा तरी तंटा सोडवायचा असेल. मी उत्साहानं लिहायला बसलो. "तिच्या घरी जाऊ नये."

"लिवा."

"फोन करू नये."

"लिवा. जमीन इकताना तिची सही घ्यायला आपुन जाऊ नये, कागद दुसऱ्याच्या हाती धाडावा. तिनं एका शब्दानं न इचारता सही करून दिली, तरी तिला काय वाटलं ते इचारू नये. आन बाजारात ती समोर दिसली, तर आपुनच तोंड फिरवावं."

माझं पेन थांबलं. तात्यांनी कागद ओढून घेतला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खालपर्यंत आले. "समदं झालंय माझं. एक बी सोडलं न्हाई."

तात्यांची बहीण चंद्राक्का कासारसाईला दिलेली. मोटारसायकलवर वीस मिनिटांची वाट. जमीन विकल्यापासून चार वर्षांत तात्या त्या बाजूला फिरकले नव्हते.

"मग आता उलट करायचं," मी म्हणालो. "चला, मी गाडी काढतो."

"दुसऱ्याचं उलटं करनं लई सोपं आसतं, परभणी."

तरी दुपारी ते जेवून, धुतलेला सदरा घालून बाहेर आले. वाटेत दोनदा म्हणाले, "फिरवा माघारी." धरणाच्या बांधावर तर गाडी थांबवायलाच लावली. पाणी किती आहे ते बघायचं म्हणाले आणि अर्धा तास बघत बसले.

"आमची आय भाकरी थापताना इचारायची, सांगा रं, ही करपवायची कशी? जो आदी सांगंल त्याला पयली भाकरी. चंद्रीच सांगायची दर वक्ताला." तात्या पाण्याकडेच बघत होते. "आन मला अर्धी द्यायची."

आक्का अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. गाडीच्या आवाजानं त्यांनी मान वर केली. तात्या फाटकातच थांबले. साऱ्या गावाला बोलतं करणारा माणूस फाटकाची कडी वर-खाली करत राहिला. मला वाटलं, आता ह्या उठून आत जातील आणि दार लावून घेतील.

त्या उठल्या. मांडीवरची टरफलं झटकली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "जेवलास का?"

तासाभरापूर्वी माझ्या डोळ्यांदेखत अडीच भाकऱ्या खाऊन निघालेले तात्या खाली मान घालून म्हणाले, "न्हाई."